अनुदान नळीचे, की पाण्याचे?

पाणी आणि वीज वाचावी म्हणून सरकार शेतकऱ्याला अनुदान देते, हे आपण सगळेच जाणतो. ठिबक सिंचनासाठी महाराष्ट्रात १९८६-८७ पासून अनुदान दिले जात आहे. केंद्र पुरस्कृत ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ठरवलेल्या खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के रक्कम मिळते. २०२१ साली राज्याने त्यात आपली भर घालून हे प्रमाण ८० आणि ७५ टक्के केले. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत तर शेतकऱ्याने फक्त १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते.

हा पैसा आपणा सर्वांचा आहे. तेव्हा तो खर्चून आपण नेमके काय विकत घेतो, असे विचारण्याचा हक्कही सर्वांना आहे. नळ्या, ड्रिपर, पंप आणि सौरपट्ट्या विकत घेतल्या, हे तर उघडच दिसते. शेतावर जाऊन त्या मोजता येतात आणि त्यांचे फोटो काढता येतात. परंतु योजनेचा हेतू नळी हा नव्हता; विहिरीत पाणी शिल्लक राहावे आणि वीज कमी लागावी, हा होता. नळी आली म्हणजे पाणी वाचलेच, असे समजायचे का? या प्रश्नाचे उत्तर शाळेतल्या पदार्थविज्ञानाने आणि साध्या जमाखर्चाने बरेचसे शोधता येते.

पाणी उचलण्याची किंमत

प्रथम विजेचा हिशेब करू. १००० लिटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम. ते १ मीटर उचलायला १००० × ९.८ म्हणजे ९८०० ज्यूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे कसलीही गळती नसती, तर एका युनिटमध्ये १००० लिटर पाणी तब्बल ३६७ मीटर उंच चढवता आले असते.

प्रत्यक्षात असे होत नाही. मोटारीत उष्णता निर्माण होते, पंपाच्या पंख्यात पाणी घुसळले जाते, अरुंद नळात घर्षण होते. शेतावरच्या जुन्या पंपसंचाची एकूण कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या आसपास असणे मुळीच दुर्मीळ नाही. चांगला, खोलीला साजेसा निवडलेला पंप ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आता एक हेक्टर शेताला ६ सेंटिमीटरची एक पाळी द्यायची आहे, असे समजू. म्हणजे ६ लाख लिटर पाणी. विहिरीतले पाणी ३० मीटर खोल आहे. आदर्श हिशेबाने ४९ युनिटे लागतील. ३० टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला १६३ युनिटे लागतील आणि ५० टक्क्यांच्या पंपाला ९८. जुना पंप बदलून नवा बसवला, तर प्रत्येक पाळीला ६५ युनिटे वाचली. पंप बदलण्यासाठी सरकारने पैसे देणे योग्यच आहे, असे कोणीही म्हणेल.

पण याच हिशेबात एक पाऊल पुढे जाऊ. काही वर्षांत त्या परिसरातली पाण्याची पातळी ३० मीटरवरून ५० मीटरवर गेली. आता नव्या, ५० टक्के कार्यक्षम पंपाला त्याच पाळीसाठी किती वीज लागेल? उत्तर येते १६३ युनिटे. अगदी जुन्या पंपाइतकी! यात जादू काही नाही. ३० भागिले ०.३ आणि ५० भागिले ०.५ या दोन्हींचे उत्तर १०० हेच आहे. पातळी २० मीटर खाली गेली की पंपाच्या सुधारणेने मिळवलेले सर्व काही हातचे गेले.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. शेतीतली वीज आणि भूजल हे दोन वेगळे विषय नाहीत. पाण्याची पातळी सांभाळली नाही, तर विजेच्या बचतीवर केलेला खर्च जमिनीत मुरतो.

ठिबकचा जमाखर्च

आता ठिबककडे वळू. पाटाने किंवा सरीने पाणी दिले, तर ते तीन वाटांनी जाते. काही पीक शोषून घेते आणि पानांवाटे हवेत सोडते. काही ओल्या मातीवरून थेट वाफ होऊन जाते. काही मुळांच्या खाली उतरून मुरते. यातली तिसरी वाट नीट समजून घेतली पाहिजे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसाल्ट खडकाचा आहे. वरच्या भेगाळ, कुजलेल्या थरात जे पाणी मुरते, त्यातले बरेचसे पुन्हा त्याच किंवा शेजारच्या विहिरीत पाझरते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते वाया गेले. भूजलाच्या दृष्टीने ते परत आले.

एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. पाटपाण्याच्या पद्धतीत एक हेक्टरसाठी १०० भाग पाणी उपसले. त्यातले ५५ भाग पिकाने घेतले, १५ मातीवरून उडाले, ३० मुरून परत गेले. म्हणजे भूजलातून कायमचे गेले ७० भाग. आता ठिबक बसवले. पिकाला पाणी वेळेवर मिळाल्याने ते जोमाने वाढले आणि त्याने ६० भाग घेतले. मातीवरून ५ भाग उडाले, ५ भाग मुरले. उपसा झाला ७० भाग. शेतकरी म्हणेल, ‘माझे ३० टक्के पाणी वाचले.’ त्याचे खोटे नाही. परंतु भूजलातून कायमचे गेलेले पाणी ७० वरून ६५ वर आले. खरी बचत ५ भागांचीच झाली.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची. शेतकऱ्याजवळ आता ३० भाग पाणी मोकळे आहे आणि बांधापलीकडे त्याचीच कोरडवाहू जमीन पडून आहे. तो काय करील? आपण त्याच्या जागी असतो तर जे केले असते, तेच करील. तिथेही ठिबक टाकील. १०० भागांच्या उपशावर आता १.४३ हेक्टर भिजते. भूजलातून कायमचे जाणारे पाणी होते १.४३ × ६५, म्हणजे सुमारे ९३ भाग. पूर्वी ते ७० होते. पाणी वाचवणारे साधन आले, उपसा वाढलाही नाही, आणि तरीही भूजलाची तूट वाढली.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात तुषार सिंचनाच्या यंत्रांना पिकाच्या जवळ पाणी सोडणाऱ्या कार्यक्षम तोट्या बसवण्यासाठी अनुदान दिले गेले. त्याचा परिणाम लिसा फायफर आणि सिंथिया लिन यांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. भूजलाचा उपसा कमी होण्याऐवजी वाढला होता. शेतकरी जास्त पाणी लागणाऱ्या पिकांकडे वळले, हे त्यामागचे एक कारण होते. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात क्वेन्टिन ग्राफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक देशांतल्या अनुभवांचा आढावा घेऊन हाच इशारा दिला: शेतातली कार्यक्षमता वाढली म्हणून खोऱ्यातले पाणी वाढत नाही.

ही कल्पना तशी जुनी आहे. वाफेची इंजिने सुधारली की इंग्लंडचा कोळसा कमी न लागता जास्त लागतो, असे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ सालीच दाखवून दिले होते. इंजिन स्वस्तात चालू लागले, म्हणून ते जास्त ठिकाणी चालू लागले.

मग ठिबक वाईट का? मुळीच नाही. त्याने उत्पन्न वाढते, खत थेट मुळाशी देता येते, मजुरी आणि तण कमी होते. मुरलेले पाणी पुन्हा उपसावे लागत नाही, म्हणून वीजही वाचू शकते. मात्र ठिबकसाठी नळीत दाब लागतो आणि तो सुमारे १० मीटर जास्त उंचीवर पाणी चढवण्याइतका असतो, हे त्यातून वजा करावे लागते. समुद्राकाठी किंवा खारवट जमिनीत मुरलेले पाणी परत वापरता येत नाही. तिथे ठिबकची बचत खरी बचत असते. ठिबक हे शेतकऱ्याचे उत्पन्न वाढवणारे उत्तम साधन आहे. त्याला भूजल वाचवणारे साधन म्हणायचे असेल, तर आणखी एक अट हवी. एकूण उपशाला आणि भिजणाऱ्या क्षेत्राला कुठेतरी मर्यादा हवी.

दिवा आणि पंप यांतला फरक

इथे एखादा विद्यार्थी विचारील की, एलईडी दिव्यांनी तर वीज वाचली, मग पंपांचेच असे का? प्रश्न चांगला आहे. २०१५ साली देशभर सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. विशेष म्हणजे त्यात दिव्याच्या किमतीवर सरकारी अनुदान नव्हते. एकदम मोठी खरेदी केल्याने दिव्याचा खरेदीभाव २०१४ मधल्या सुमारे ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला.

खोलीत पुरेसा उजेड झाला की आपण थांबतो. दिवा स्वस्त झाला म्हणून कोणी दिवसा लावून ठेवत नाही. गरज भागली की मागणी संपते. पाण्याचे तसे नाही. कोरडवाहू मुलखात पाण्याचा प्रत्येक जादा लिटर म्हणजे जादा पीक, आणि जादा पीक म्हणजे मुलीची फी किंवा फिटलेले कर्ज. ज्या गोष्टीची भूक भागलेली नाही, तिची बचत आपोआप शिल्लक राहत नाही. एकाच प्रकारचे अनुदान दिव्याला लागू पडेल, पण पंपाला लागू पडेलच असे नाही, याचे कारण हे आहे.

सूर्याचे पाणी

शेतीच्या विजेची आकारणी अनेक राज्यांत दीर्घकाळ मीटरऐवजी पंपाच्या अश्वशक्तीवर होत आली. पंजाबात १९९७ साली ती वीज मोफत झाली. महाराष्ट्रात २०२४ साली ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे मोफत वीज देण्याची योजना आली. यात शेतकऱ्याचा भार हलका होतो, हे खरे. पण पंप तासभर जास्त चालवला तर खिशातून काहीच जात नसेल, तर तो बंद करण्याचे कारणही उरत नाही.

सौरपंपाचे तसेच आहे. त्याचे फायदे मोठे आहेत. डिझेल जळत नाही, आणि रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा साप-बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायला जावे लागत नाही. ज्यांनी अशा रात्री काढल्या आहेत, त्यांना या सोयीचे मोल सांगायला नको. परंतु एकदा पट्ट्या बसल्या की पाण्याचा पुढचा लिटर फुकट असतो.

तो किती असू शकतो? ५ किलोवॅटच्या पट्ट्या चांगल्या उन्हात दिवसाला साधारण २० युनिटे देतात. पाणी ५० मीटर खोल असेल आणि पंप ५० टक्के कार्यक्षम असेल, तर त्यातून रोज सुमारे ७३,००० लिटर पाणी वर येईल. वर्षातले ३०० दिवस पंप चालला तर २ कोटी २० लाख लिटर. आता हे पाणी जमिनीत येते कुठून, ते पाहू. ६०० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात, त्यातला १० टक्के मुरतो असे धरले, तर ६० मिलिमीटर पाणी भूजलात जाते. या एका पंपाची वर्षभराची तहान भागवायला सुमारे ३७ हेक्टर जमिनीवरचे पुनर्भरण लागेल! सिंचनाचे काही पाणी पुन्हा मुरते, ते वजा केले तरी आकडा मोठाच राहतो. गावात असे किती पंप बसले आणि गावाची जमीन किती, हे ताडून पाहिल्याशिवाय ‘मागेल त्याला’ हा शब्द कुठवर खरा राहील?

बचतीलाच दाम

यावर उपाय आहेत आणि काही ठिकाणी ते करूनही पाहिले आहेत. त्या सर्वांत एक सूत्र समान आहे. पैसा साधनाला न देता, किंवा नुसता साधनाला न देता, बचतीला द्यायचा.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील धुंडी गावात २०१६ साली मोजक्या शेतकऱ्यांनी सौरऊर्जेची सहकारी मंडळी स्थापन केली. पंप चालवून उरलेली वीज ते वीज कंपनीला युनिटमागे ४.६३ रुपयांनी विकू लागले. प्रयोगाला साहाय्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने हरित ऊर्जेसाठी १.२५ रुपये आणि भूजल राखण्यासाठी आणखी १.२५ रुपये वर दिले. सूर्यप्रकाश हे जणू एक पीकच झाले. पंप बंद ठेवण्याला प्रथमच किंमत आली. केंद्राच्या २०१९ सालच्या कुसुम योजनेतील तिसऱ्या घटकात वीज-जाळ्याला जोडलेल्या पंपांची अशीच कल्पना आहे. अर्थात, शेजारी पाण्याला विजेपेक्षा जास्त भाव देऊ लागला तर पाणीच विकले जाईल. म्हणून भाव ठरवणे हे नाजूक काम आहे.

पंजाबने २०१८ साली ‘पाणी बचाओ, पैसा कमाओ’ हा प्रयोग काही वाहिन्यांवर सुरू केला. स्वेच्छेने सामील झालेल्या शेतकऱ्याच्या पंपाला मीटर बसवून विजेचा ठरावीक वाटा दिला जातो. त्यातले जेवढे युनिट वाचेल, त्याचे युनिटमागे ४ रुपये त्याच्या खात्यात जमा होतात. मोफत वीज काढून घेतलेली नाही, पण वापरलेल्या प्रत्येक युनिटबरोबर ४ रुपये हुकतात.

२०१९ साली जाहीर झालेली अटल भूजल योजना ६००० कोटी रुपयांची होती आणि सात राज्यांत राबवली गेली. महाराष्ट्र त्यांपैकी एक. यातील प्रोत्साहनाची रक्कम राज्यांना फलितांवर मिळायची होती. भूजलाची माहिती लोकांसमोर मांडणे, गावाचे जलसुरक्षा आराखडे करणे आणि पातळी घसरण्याचा वेग कमी होणे, ही त्यांतली काही फलिते. नळ्या किती बसल्या याऐवजी विहिरीत काय दिसते हे विचारणे, ही दिशा योग्यच म्हणावी लागेल.

आणि अनुदानाच्या आधी येणारी गोष्ट अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखवली आहे. तिथे पाणलोटाची कामे झाली, पण तेवढ्यावर गाव थांबले नाही. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी तहानलेली पिके घ्यायची नाहीत, आणि दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीची पिके ठरवायची, असे नियम ग्रामसभेने केले. आपल्या उदाहरणातली ती ‘आणखी एक अट’ हीच. अशा गावात ठिबकने वाचलेला लिटर खरोखर शिल्लक राहतो, कारण तो कुठे जाणार हे आधीच ठरलेले असते.

वर्गाबाहेरचा एक तास

या विषयावर नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना स्वतः मोजणी करता येईल. गावातला एक पंप निवडावा. २०० लिटरचे पिंप किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहावे. पाण्याची खोली दोरीला दगड बांधून मोठ्या माणसाकडून मोजून घ्यावी. मुलांना विहिरीच्या काठावर वाकू देऊ नये. मीटर असेल तर पंप तासभर चालवून किती युनिटे पडली ते टिपावे.

समजा, पिंप ५० सेकंदांत भरले. म्हणजे सेकंदाला ४ लिटर. खोली २५ मीटर. उपयोगी शक्ती ४ × ९.८ × २५ = ९८० वॅट. तासाला ३.५ युनिटे, म्हणजे ३५०० वॅट वीज खर्च झाली. कार्यक्षमता २८ टक्के. मग कारणे शोधावीत. नळ अरुंद आहे का? तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या नळातून नेले, तर घर्षणाची हानी सुमारे ३२ पट होते. फूट व्हॉल्व्ह बुजला आहे का? मोटार किती वेळा भरून घेतली आहे? काही वेळा नव्या पंपाऐवजी नुसता नळ बदलूनही काम भागते, आणि त्याला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी मोजणी जास्त चिकाटीची आहे. गावातल्या चार-पाच विहिरींची पातळी दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मोजून शाळेच्या भिंतीवर आलेख काढावा. त्याखाली त्या वर्षी गावात किती एकर ठिबक आले आणि किती पंप बसले, तेही लिहावे. दोन-तीन पावसाळे उलटले की या दोन ओळी शेजारी ठेवून वाचता येतील. अनुदानाने गावात नळी आली की पाणी आले, याचे उत्तर तेव्हा कोणत्याही अहवालापेक्षा त्या भिंतीवर जास्त स्पष्ट दिसेल, आणि ते ग्रामसभेत मांडण्याइतके भक्कम असेल.